इस्टर की डॅन्यूब? एका दिवाळी अंकातल्या व्युत्पत्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका छोट्या दिवाळी अंकाने एका वर्षी ‘नद्या’ हा विषय घेतला होता. अंक हौशी म्हणावा असाच: संपादक एक निवृत्त प्राध्यापिका, मदतीला एक मुद्रितशोधक आणि भाषेच्या तपासणीसाठी अधूनमधून मी. नावं-गावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत.

डॅन्यूबवरचा लेख पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांनी लिहिला होता. लेख खरोखर चांगला होता. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधून निघून दहा देशांना स्पर्श करत काळ्या समुद्राला मिळणारी ही सुमारे २,८५० किलोमीटरची नदी त्यांनी पाणी अडवणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहिली होती. सर्बिया आणि रुमानियाच्या सीमेवर १९७२ साली सुरू झालेलं आयर्न गेट्सचं धरण आणि त्याच्या जलाशयाखाली गेलेले जुने खडक व धबधबे यांवरची पानं तर अंकातली सर्वांत वाचनीय होती.

प्रश्न उभा राहिला तो पहिल्याच परिच्छेदातल्या दोन वाक्यांवरून: ‘डॅन्यूब हे नाव संस्कृत दनु या शब्दापासून ग्रीक व लॅटिन भाषांत गेले. दानवांच्या मातेचे स्मरण युरोपच्या मध्यातून आजही वाहते आहे.’

अडचण

संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढून पान माझ्याकडे पाठवलं. अंक छापखान्यात जायला थोडेच दिवस उरले होते. लेखक ज्येष्ठ होते आणि अंकाचे जुने हितचिंतकही. शिवाय ते वाक्य ऐकायला गोड होतं, म्हणजे वाचक नेमकं तेच लक्षात ठेवणार आणि पुढे पाठवणार हे उघड होतं.

हे विधान निखालस खोटं असतं तर काम सोपं झालं असतं. पण डॅन्यूब आणि संस्कृत यांचं नातं आहे. ते लेखकांनी लिहिलं तसं नाही, एवढंच. अर्धं खरं असलेलं वाक्य दुरुस्त करणं हे खोटं वाक्य काढून टाकण्यापेक्षा फार कटकटीचं असतं.

वाक्य सुटं करून पाहिलं तर त्यात चार दावे होते. हे नाव ग्रीक आणि लॅटिन दोन्हींत एकच होतं. ते संस्कृतातून तिकडे गेलं. मूळ शब्द ‘दनु’ आहे. आणि ही दनु म्हणजे पुराणातली दानवमाता. आम्ही एकेक दावा तपासायला घेतला.

पुरावे काय सांगतात

पहिला दावा लगेच कोसळला. ग्रीकांनी या नदीला कितीतरी शतकं डॅन्यूब म्हटलेलंच नाही. त्यांचं नाव होतं ‘इस्त्रोस’. इ.स.पू. ७०० च्या आसपास होऊन गेलेल्या ग्रीक कवी हेसिओडच्या देववंशावळीत नद्यांची यादी येते, तीत ‘सुंदर प्रवाहाचा इस्त्रोस’ आहे. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर मिलेटस शहरातून आलेल्या ग्रीकांनी वसाहत केली, तिलाही नदीचंच नाव दिलं; इस्त्रिया नावाने तिचे अवशेष आज रुमानियात आहेत. इ.स.पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इस्त्रोसला आपल्याला माहीत असलेल्या नद्यांत सर्वांत मोठी म्हटलं, तिची पाच मुखं सांगितली आणि सिथियनांवर (काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या भटक्या लोकांवर) चालून जाताना पर्शियाचा सम्राट दारयवहू (डरायस) याने तिच्यावर पूल बांधवला ती हकिगत नोंदवली. उगमाबद्दल मात्र त्याची माहिती ऐकीव होती: केल्टांच्या (पश्चिम युरोपातल्या प्राचीन लोकांच्या) देशात, पिरीनी नावाच्या शहरापाशी, असं तो सांगतो.

ग्रीक समुद्राकडून आले होते. त्यांनी नदीचं मुख पाहिलं आणि तिथल्या थ्रेसियन (पूर्व बाल्कनमधल्या प्राचीन) लोकांच्या तोंडी असलेलं नाव उचललं. रोमन आले ते दुसऱ्या टोकाकडून, आल्प्सच्या पलीकडून. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या मध्यावर गॉलमधल्या युद्धांचा वृत्तांत लिहिताना सीझर जर्मनीतल्या हर्सिनियन अरण्याचा विस्तार सांगतो, आणि तिथे नदीचं नाव येतं ते डॅन्यूबचं लॅटिन रूप. तो ज्या मुलखात होता तिथले लोक केल्ट होते, आणि वरच्या खोऱ्यातही केल्ट राहत असत. कोरीव लेखांत हे नाव बहुधा ‘दानुविउस’ असं दिसतं. पुढच्या काळात लॅटिनमध्ये ‘व’ आणि ‘ब’ यांची सरमिसळ झाली आणि ‘दानुबिउस’ रूढ झालं. आपल्याकडे इंग्रजीमार्गे आलेला ‘ब’ तिथला आहे.

म्हणजे एकाच नदीला दोन टोकांकडून दोन नावं मिळाली होती. ती एकच नदी आहे हे कळल्यावरही दोन्ही नावं टिकली. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की उगमापासून धबधब्यांपर्यंत तिला दानुविउस म्हणतात आणि तिथून समुद्रापर्यंत इस्टर (इस्त्रोसचंच लॅटिन रूप). रोमन लेखक प्लिनीच्या मते नाव बदलतं ते नदी इलिरिकमच्या (पश्चिम बाल्कनमधल्या रोमन मुलखाच्या) हद्दीला लागते तिथे. भूगोलकार टॉलेमी ही सीमा आणखी खूप खाली, समुद्राच्या बऱ्याच जवळ, अ‍ॅक्सिओपोलिसला आणतो. रोमहून हद्दपार होऊन काळ्या समुद्रावरच्या टोमिसमध्ये दिवस काढणाऱ्या ओव्हिड या कवीने तर नदीला एक विशेषणच दिलं: ‘बिनोमिनिस’, दोन नावांची.

स्ट्रॅबोचे हे धबधबे म्हणजे सर्वसाधारणपणे आयर्न गेट्सच्या घळीतले मानले जातात. लेखकांनी सहा पानं ज्या जागेवर लिहिली होती, त्याच जागेवर प्राचीन काळी नदीचं नाव बदलत होतं, आणि लेखात त्याचा उल्लेखही नव्हता!

दुसरा दावा: नाव संस्कृतातून गेलं का? ‘दानु’ (पहिला स्वर दीर्घ) हा शब्द ऋग्वेदात द्रव, थेंब अशा अर्थाने येतो. पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तात, ‘दानु’ म्हणजे नदी. कॉकेशसमधल्या ओसेटियन भाषेत आजही ‘दोन’ म्हणजे पाणी, नदी. ही भाषा इराणी गटातली, सिथियन-सार्मेशियन लोकांच्या बोलींची वारसदार. रशियातली दोन (ग्रीकांची तानाइस), युक्रेनमधल्या नीपर आणि नीस्टर (उत्तरकालीन प्राचीन ग्रंथांत दानाप्रिस, दानास्तिउस) या नावांतही तोच शब्द दिसतो. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरची डॉन नदीही त्याच कुळातली. तिच्या काठच्या डॉनकास्टरला रोमन ‘दानुम’ म्हणत.

इतक्या लांबवर पसरलेल्या शब्दाचा उगम एकट्या संस्कृतात मानायला काही आधार नाही. भाषाअभ्यासक याचं मूळ आद्य इंडो-युरोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत, इराणी, ग्रीक, लॅटिन, केल्टिक यांच्या पुनर्रचित पूर्वज भाषेत, मानतात. तिथून एक धागा वैदिक भाषेत आला, एक इराणीत, एक केल्टिकमध्ये. दानुविउस नेमकं केल्टिकमधून आलं की सिथियनांच्या इराणी बोलींतून, यावर दोन पक्ष आहेत. बहुतेकांचा कल केल्टिककडे आहे. संस्कृतातून गेलं असं दोन्ही पक्ष म्हणत नाहीत. नातं आहे ते चुलत भावंडांचं, आई-मुलीचं नाही.

तिसरा आणि चौथा दावा एकत्र तपासला. पुराणातली कश्यपाची पत्नी ‘दनु’, ऱ्हस्व. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या ३२व्या सूक्तात वृत्राची आई ‘दानु’ येते: इंद्राने मारलेल्या मुलावर ती पडून राहते, वासरासह पडलेल्या गायीसारखी. वृत्र पाणी अडवून बसलेला असल्याने त्याच्या आईच्या नावात पाण्याचा अर्थ शोधणं अगदीच वावगं नाही. पण केल्टांनी आपल्या नदीला जे नाव दिलं त्यात वृत्राची आई असण्याचं कारण नाही. ते साधं ‘पाणी, नदी’ या अर्थाचं नाव आहे. लेखकांनी शेवटची आशा म्हणून आयरिश पुराणकथांतली ‘दानु’ देवी पुढे केली. तिथेही पंचाईत: जुन्या आयरिश ग्रंथांत येतं ते ‘दानन’ असं षष्ठीचं रूप, मूळ आयरिशमध्ये त्यातला पहिला स्वर ऱ्हस्व, आणि ‘दानु’ हे प्रथमेचं रूप नंतरच्या अभ्यासकांनी तर्काने बसवलेलं आहे.

पर्याय

संपादकांसमोर चार वाटा होत्या.

सर्वांत सोपी म्हणजे ‘असे मानले जाते’ हे तीन शब्द घालून मोकळं होणं. मुद्रितशोधकांचा कल इकडे होता, आणि आपल्याकडच्या निम्म्या अंकांत हेच होतं. मला ही वाट चोरवाट वाटते. कोण मानतं, हा प्रश्न वाचक विचारत नाहीत, आणि विधान मात्र आणखी वजनदार होऊन बाहेर पडतं.

दुसरी वाट, दोन्ही वाक्यं गाळणं. यात चूक राहिली नसती, पण लेखकांना न पटवता केलेली काटछाट त्यांना लागली असती. नावाची खरी गोष्टही वाचकांपर्यंत पोचली नसती.

तिसरी, वाक्य तसंच ठेवून खाली संपादकीय टीप: हे मत ग्राह्य नाही, वगैरे. संपादकांनी ही एका वाक्यात नाकारली. ‘आपण बोलावलेल्या माणसाला आपल्याच अंकात तोंडघशी पाडायचं नसतं.’

चौथी, लेखकांशी बोलून परिच्छेद नव्याने लिहून घेणं आणि नावाची गोष्ट वेगळ्या चौकटीत देणं. वेळ कमी होता, चौकटीसाठी एक छायाचित्र काढावं लागणार होतं. तरी हीच वाट धरायचं ठरलं.

काय केलं

पहिला फोन फसला. मी सुरुवात आद्य इंडो-युरोपीय भाषेपासून केली, आणि लेखकांनी शांतपणे ऐकून विचारलं, ‘अहो, पण ही तुमची आद्य भाषा कुणी पाहिली आहे का? ऋग्वेद तर समोर आहे.’ प्रश्न रास्त होता. पुनर्रचित भाषेचा कागद कुणी दाखवू शकत नाही. ती शेकडो शब्दांतल्या नियमित ध्वनिबदलांवरून बांधलेली असते, आणि ते फोनवर दहा मिनिटांत पटवता येत नाही. उलट माझ्या बोलण्यातून त्यांना ‘संस्कृतचं श्रेय काढून घेतलं जातंय’ एवढंच ऐकू गेलं.

दुसऱ्या वेळी संपादक स्वतः बोलल्या. त्यांनी संस्कृतचा विषयच काढला नाही. त्यांनी सिंधूची गोष्ट सांगितली. सिंधू, इराणीत ‘स’चा ‘ह’ होऊन हिंदू, आयोनियन (आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या) ग्रीकांकडे ‘ह’ गळून इंडोस, लॅटिनमध्ये इंडस. यातला प्रत्येक टप्पा दाखवता येतो: पंजाब-सिंध पर्शियन साम्राज्यात होते, आयोनियन ग्रीक त्याच साम्राज्याचे प्रजाजन होते, आणि प्लिनीने तर नोंदवून ठेवलंय की तिथले रहिवासी इंडसला सिंडुस म्हणतात. ‘सर, सिंधूचं नाव ग्रीकांकडे कसं गेलं याची वाट आपल्याला सापडते. दानुची तशी वाट दाखवता येईल का? कुणाच्या तोंडून, कुठल्या काळात, कुठल्या घाटाने?’

लेखक अभियंते. पाणी वरून खाली कुठल्या मार्गाने आलं हे विचारल्याशिवाय त्यांनी आयुष्यात नकाशावर सही केली नव्हती. ते थोडे थांबले, पण अजून तयार झाले नव्हते.

वळण आलं ते एका जुन्या गैरसमजामुळे. एड्रियाटिक समुद्राच्या टोकाशी इस्ट्रिया नावाचं द्वीपकल्प आहे आणि तिथे हिस्ट्री नावाचे लोक राहत. नाव इस्टरसारखं, म्हणून कित्येक प्राचीन लेखकांनी गृहीत धरलं की इस्टर नदीचा एक फाटा एड्रियाटिकला मिळतो. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या ग्रीक कवी अपोलोनिओसने आर्गोनॉटांवरच्या (सोनेरी लोकर आणायला निघालेल्या वीरांवरच्या) महाकाव्यात त्यांचं आर्गो जहाज काळ्या समुद्रातून इस्टरवर चढवलं आणि त्या फाट्याने पश्चिमेच्या समुद्रात उतरवलं. पुढे रोमनांचं हिस्ट्री लोकांशी युद्ध झालं, तिथली नदी प्रत्यक्ष दिसली. इतिहासकार डायोडोरस लिहितो की तिचा उगम समुद्रापासून जेमतेम ४० स्टेडियांवर (सात-आठ किलोमीटर) निघाला आणि नावातल्या सारखेपणाने सगळ्यांना फसवलं होतं. प्लिनीनेही हा फाटा खोटा ठरवला. मग आर्गो एड्रियाटिकला आलं कसं? त्यावर तो म्हणतो, अधिक काळजीपूर्वक लिहिणाऱ्यांच्या मते ते खांद्यांवरून आल्प्सपार नेलं. म्हणजे नावावरून काढलेली नदी त्याने पुसली, जहाज मात्र ठेवलं.

हे ऐकून लेखक मोठ्याने हसले. ‘नाव जुळलं म्हणून यांनी पाण्याला डोंगर चढायला लावला. मॅडम, मीही तेच करतोय की काय?’ त्यानंतर त्यांनी परिच्छेद स्वतः बदलला. दनुमाता गेली. तिच्या जागी, ते ज्या घळीत उभे राहिले होते तिथे दोन हजार वर्षांपूर्वी नदी आपलं नाव बदलत असे, हे वाक्य आलं. ते संस्कृतवाल्या वाक्यापेक्षा कितीतरी चांगलं उतरलं होतं.

चौकटीचा मजकूर मी लिहिला. त्यात मराठी वाचकाला जवळची गोष्ट म्हणून पंढरपूरला चंद्रभागा होणारी भीमा आणि तिबेटात त्सांगपो, अरुणाचलात सियांग, आसामात ब्रह्मपुत्रा, बांगलादेशात जमुना होणारी नदी यांचा उल्लेख केला. ‘दानु’ शब्दाचं चुलतनातं तीन ओळींत दिलं.

लिप्यंतराचा एक छोटा निर्णय बाकी होता. ‘डॅन्यूब’ लिहिलं की दानुशी नातं दिसत नाही. ‘दानुविउस’ लिहिलं की ते इतकं ठळक दिसतं की वाचक पुन्हा संस्कृत उगमावरच जाणार. शेवटी मुख्य लेखात डॅन्यूब, चौकटीत पहिल्यांदा दानुविउस आणि पुढे डॅन्यूब असं ठेवलं. ग्रीक नावासाठी इस्त्रोस, लॅटिनसाठी इस्टर. लॅटिनमध्ये ‘हिस्टर’ही लिहीत, ते गाळलं.

परिणाम

अंक वेळेवर निघाला. चौकटीवर आलेल्या पत्रांत दोन सूर होते. काहींना दोन नावांची गोष्ट आवडली. एका शिक्षिकेने ती इतिहासाच्या तासाला सांगितल्याचं कळवलं. काहींना ‘पाश्चात्त्य मत’ छापल्याचा राग आला. त्यांना उत्तर लेखकांनीच लिहिलं. पत्राची भाषा आमच्यापैकी कुणालाही जमली नसती अशी तिखट होती, आणि त्यात आर्गो जहाज आल्प्सवरून नेणाऱ्यांचा उल्लेख होता.

वेगळं काय करता आलं असतं

लेख मागवतानाच नावांच्या उगमाबद्दल काही लिहायचं असेल तर आधी कळवा, असं सांगता आलं असतं. नद्यांच्या अंकात प्रत्येक लेखक नावाची व्युत्पत्ती देणार, हे आधीच दिसायला हवं होतं. नर्मदेवरच्या लेखातही टॉलेमीचं ‘नामादोस’ शेवटच्या दिवशी तपासावं लागलं.

चौकटीऐवजी नकाशा अधिक बोलला असता. त्याची चर्चा झाली आणि ती एकाच प्रश्नावर अडली: दोन रंगांची सीमा कुठे आखायची? स्ट्रॅबोप्रमाणे धबधब्यांशी, प्लिनीप्रमाणे त्याच्या वर, की टॉलेमीप्रमाणे पार अ‍ॅक्सिओपोलिसला? संपादकांना एक रेघ हवी होती. मला वाटतं, रेघ न आखता इलिरिकमपासून अ‍ॅक्सिओपोलिसपर्यंतचा पट्टा दोन्ही रंगांत मिसळून दाखवायला हवा होता. तसं चित्रच खरं ठरलं असतं, कारण तिथे दोन्ही नावं चालत होती.

आणि ‘इस्टर’वर आम्ही अन्याय केला. त्याच्या उगमाबद्दल चौकटीत ‘बहुधा थ्रेसियन’ एवढेच दोन शब्द गेले. अनेक अभ्यासक त्याचा संबंध ‘जोमदार, वेगवान’ अशा अर्थाच्या मुळाशी लावतात, आणि त्या मुळाचा वैदिक प्रतिनिधी आहे ‘इषिर’. मग मधला ‘त’ कुठून आला? थ्रेसियनमध्ये ‘स्र’ या जोडाक्षरात ‘त’ शिरत असे. हेसिओडच्या त्याच ओळीत इस्त्रोसच्या आधी येणारी बल्गेरिया-ग्रीसमधली स्ट्रायमोन नदी घ्या: तिच्या नावात आपल्या ‘स्रवति’ आणि ‘स्रोत’ यांचं मूळ आहे, आणि तिथेही तसाच ‘त’ आलेला आहे. हा मजकूर मी लिहिला होता. संस्कृतचं नाव पुन्हा निघालं तर नवी अफवा उठेल, या धास्तीने संपादकांनी तो काढला. दानुच्या बाबतीत नुसता शब्दांचा सारखेपणा पुरला नाही, इथे मात्र ध्वनिबदलाचा नियम दुसऱ्या नदीवर ताडून पाहता येत होता, आणि वाचकाला तो फरक दाखवायला त्या सहा ओळी पुरल्या असत्या. लेखकांनी नंतर त्या माझ्याकडून मागून घेतल्या. त्यांच्या पुढच्या लेखाचा विषय स्ट्रायमोन आहे.